बेकारी शून्यावर का येत नाही, आणि वाट पाहण्याचा खर्च कोण भरतो

केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणाचा, म्हणजे पीएलएफएसचा, जुलै 2023 ते जून 2024 या वर्षाचा आकडा सांगतो की देशात 15 वर्षांवरच्या लोकांमध्ये बेरोजगारीचा दर 3.2 टक्के होता. हा आकडा ऐकून काही जण म्हणतात, "शक्यच नाही, आमच्या एका गल्लीत याहून जास्त पोरं रिकामी आहेत." दुसरे म्हणतात, "एवढेच उरलेत ना, मग त्यांचंही करून टाका एकदाचं." पहिल्यांचा संशय रास्त आहे. दुसऱ्यांची मागणी मात्र कुठल्याही देशात, कुठल्याही सरकारला पुरी करता आलेली नाही. तिथूनच सुरुवात करू, पण आधी हा 3.2 येतो कुठून ते पाहू.

त्या वर्षी दर 100 प्रौढांमागे साधारण 60.1 जण काम करत होते किंवा काम मागत होते. याला श्रमबल म्हणतात. त्यांतल्या 58.2 जणांना काम होतं. राहिले 1.9. या 1.9 ला 60.1 ने भागलं की 3.2 टक्के येतात. उरलेले सुमारे 40 जण, म्हणजे विद्यार्थी, घर सांभाळणाऱ्या बायका, म्हातारी माणसं आणि शोधून शोधून नाद सोडलेले, या भागाकारात येतच नाहीत. पाळणाघर असतं तर कामाला गेली असती अशी आई, पण सध्या काम शोधत नाही आणि लगेच यायलाही मोकळी नाही, तर ती बेरोजगार धरली जात नाही.

सर्वेक्षण करणारा प्रत्येक माणसापुढे एक सांकेतिक क्रमांक लिहितो. बेरोजगार म्हणजे 81, शिकणारा 91, घरकाम करणारी 92, घरच्या धंद्यात किंवा शेतीत बिनपगारी मदत करणारा 21. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसणारा एमपीएससीचा उमेदवार घ्या. तो शिकतोय अशी नोंद झाली तर 91. "काम मिळालं तर आत्ता करीन" म्हणाला तर 81. तोच सुट्टीत गावी गेला असताना सर्वेक्षणवाला आला आणि घरच्यांनी "वडिलांना शेतीत मदत करतो" असं सांगितलं तर 21, म्हणजे चक्क रोजगार असलेला! माणूस तोच, वेळापत्रकही तेच. गल्लीतला हिशोब आणि सरकारी हिशोब जुळत नाही त्याचं एक कारण हे.

एक हजार माणसांचं गाव

आता शून्य का होत नाही ते पाहू. 1,000 जणांचं श्रमबल असलेलं एक गाव कल्पा. मंदी नाही, कारखाने चालू आहेत, आळशी कोणी नाही. दर महिन्याला नोकरी असलेल्यांपैकी 1 टक्का लोकांची नोकरी सुटते किंवा ते ती सोडतात. कंत्राट संपतं, मालकाशी पटत नाही, लग्न होऊन गाव बदलतं, दुकान बंद पडतं. म्हणजे महिन्याला जवळजवळ 10 माणसं. नवं काम मिळायला सरासरी चार महिने लागतात असं धरू. मग कुठल्याही दिवशी मोजलं तरी गावात सुमारे 38 माणसं बिनकामाची सापडतील. दर 3.8 टक्के. दर महिन्याला त्यांतली दहाएक कामाला लागतात आणि तेवढीच नवी येऊन बसतात.

शोधाचा काळ चारवरून दोन महिन्यांवर आणला तर तेच 38 उतरून 20 होतात. बारा महिन्यांवर गेला तर 107 होतात. लक्षात घ्या, नोकऱ्या सुटण्याचा वेग आपण बदललेलाच नाही. बेकारीचा आकडा म्हणजे दरमहा बाहेर पडणारे गुणिले शोधात जाणारे महिने. शून्य आणायचा तर एकतर कोणी कधी नोकरी सोडता कामा नये, नाहीतर संध्याकाळी सुटलेल्याला सकाळी दुसरी मिळाली पाहिजे. शहरात घरांची कितीही टंचाई असली तरी "भाड्याने देणे आहे" अशा पाट्या नेहमी कुठे ना कुठे लटकलेल्याच असतात, तसंच हे. शोध आणि जुळणी यांचं हे गणित नीट मांडल्याबद्दल पीटर डायमंड, डेल मॉर्टेन्सन आणि ख्रिस्तोफर पिसारिडिस यांना 2010 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

या प्रकाराला पाठ्यपुस्तकात घर्षणात्मक बेरोजगारी म्हणतात. चार महिने का लागतात? परभणीच्या फिटरला चाकणमध्ये जागा आहे हे आधी कळायला हवं. कळलं तर खोलीची अनामत रक्कम हवी. पोरं शाळेत असतील तर एप्रिल उजाडेपर्यंत हलता येत नाही. कंपनीकडे जाहिरात, मुलाखत, जुन्या मालकाकडे चौकशी, वैद्यकीय तपासणी यांत आठवडे जातात. शिवाय आलेली पहिलीच नोकरी पत्करणं शहाणपणाचं असतंच असं नाही. टर्नरने रखवालदारी धरली तर तो आकड्यातून लगेच सुटेल, पण त्याचं आणि वर्कशॉपचं दोघांचंही नुकसान होईल. थोडी बेकारी उपयोगाची असते असं अर्थतज्ज्ञ म्हणतात ते या अर्थाने. हे ऐकायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

मात्र हे घर्षण सगळ्यांना सारखं सोसावं लागत नाही. हिंजवडीतल्या इंजिनियरला 90 दिवसांचा नोटीस पीरियड असतो. त्याचा सगळा शोध पगार चालू असतानाच उरकतो आणि तो बेरोजगार म्हणून कधी मोजलाच जात नाही. कापडदुकानातल्या सेल्समनला "उद्यापासून नको येऊस" म्हटलं जातं आणि त्याचे चारही महिने त्याच्या बायकोच्या डोरल्यावर निघतात.

मालकाची सोय म्हणून थांबलेली माणसं

काही बेकारी धंद्याच्या रचनेतच बसवलेली असते, आणि मराठी माणसाने ती जवळून पाहिली आहे. मुंबईच्या गिरण्यांत कायम कामगारांबरोबर बदली कामगार असत. साच्यांवरचे, म्हणजे मागांवरचे, किती जण आज दांडी मारतील हे गिरणीला आदल्या दिवशी माहीत नसे आणि साचे तर बंद ठेवून चालत नसे. म्हणून पाळी सुरू व्हायच्या वेळी बदली कामगार कार्ड घेऊन फाटकावर हजर होत. कायमवाला आला नाही तर त्या दिवसापुरतं काम, आला तर घरी. बदलीवाल्यांची ही फौज म्हणजे गिरणीची सोय होती, आणि तिचा खर्च फाटकाबाहेर उभा असलेला माणूस भरत होता.

अशी राखीव माणसं किती लागतात ते थोडं गणित करून पाहू, कारण उपायही त्याच गणितात आहे. बाजारात पाच गाळे आहेत. प्रत्येकाला एरवी 4 हमाल पुरतात, पण आठवड्यातून एकदा जास्त माल येतो तेव्हा 10 लागतात. प्रत्येक गाळेवाल्याने आपल्या दाराशी आपले 10 धरून ठेवले तर बाजारात 50 हमाल उभे राहतात. पण जास्त मालाचा दिवस प्रत्येकाचा वेगळा असेल, तर कुठल्याही दिवशी खरी गरज 10 अधिक चार गाळ्यांचे 16, म्हणजे 26 जणांची. पन्नास माणसं 26 जणांच्या कामावर जगतात, प्रत्येकाला अर्धा महिना काम. तेच हमाल एका सामायिक यादीवर घेतले आणि टोळ्या गरजेप्रमाणे फिरवल्या तर 26 जणांत सगळ्यांचं भागतं आणि त्या 26 जणांना रोज काम असतं. उरलेल्या 24 जणांसाठी दुसरं काम शोधावं लागतं हे खरं, पण निदान ते तिथे थांबून आशेवर झिजत नाहीत.

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ विल्यम बेव्हरिज यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लंडनच्या गोदीबद्दल नेमका हाच मुद्दा मांडला होता. आपल्याकडे गोदी कामगारांसाठी 1948 चा कायदा झाला. नोंदणी झालेल्या कामगाराला सामायिक मंडळाकडून काम आणि काम नसलेल्या दिवशी हजेरीचे पैसे, अशी त्याची रचना होती. पुढे अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून 1969 चा महाराष्ट्राचा माथाडी कायदा आला. नोंदणी झालेल्या टोळ्यांची मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे जादा आकार, मालकाने मंडळात भरायची आणि मंडळाने ती कामगाराच्या खात्यावर टाकायची. त्याच लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, रजा आणि बोनस. पुढे या मंडळांत दलाली आणि खंडणीच्या तक्रारी झाल्या हेही विसरायला नको. पण मूळ कल्पना चोख होती. थांबणं पूर्ण नाहीसं करता येत नसेल तर निदान ते कमी करा आणि त्याचा खर्च धंद्यावर टाका.

गिरणी बंद झाली तेव्हा

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. कापड बनायचं थांबलं नव्हतं. ते भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर कमी मजुरीत बनू लागलं होतं, आणि ही सरक संपाच्या आधीपासूनची होती. लालबाग-परळच्या जमिनीला साच्यांपेक्षा जास्त भाव आला. पुढच्या वीसएक वर्षांत त्याच जागेवर मॉल आणि कार्यालयं उभी राहिली. तिथेही माणसं लागत होती, पण ती इंग्रजी बोलणारी आणि संगणकावर बसणारी. चाळिशी ओलांडलेल्या साचेवाल्याच्या कौशल्याला तिथे गिऱ्हाईक नव्हतं.

ही संरचनात्मक बेरोजगारी. गावात 40 जागा रिकाम्या आणि 40 माणसंही रिकामी, तरी जोड लागत नाही. घर्षणात्मक बेकारीतल्या माणसाला वेळ दिला की काम मिळतं. इथे नुसत्या वेळाने काहीच होत नाही, उलट काळ जाईल तसं प्रकरण बिघडतं. गोव्यातल्या खाणींचंही तेच झालं. 2012 मध्ये खाणकाम थांबलं, मध्ये थोडं सुरू झालं आणि सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी 2018 च्या निकालाने 88 लीझ रद्द झाल्यावर मार्चमध्ये पुन्हा बंद पडलं. ज्यांनी कर्ज काढून टिपर घेतले होते त्यांच्या हातात गाडी होती, चालवण्याचं कसबही होतं, पण वाहायला खनिज नव्हतं.

इथे पुनर्प्रशिक्षण हा हमखास सुचवला जाणारा उपाय. तो फसतो बहुतेक तीन कारणांनी: अभ्यासक्रमाच्या काळात घर कशावर चालवायचं याची सोय नसते, शिकवलेल्या कामाची जागा आसपास नसते, आणि पंचेचाळिशीच्या शिकाऊ माणसाला घ्यायला मालक तयार नसतो. पहिलं कारण पैशाने सुटतं. दुसऱ्यासाठी आधी मालक आणि मग वर्ग, असा क्रम ठेवावा लागतो. तिसऱ्यावर कोणाकडेच चांगलं उत्तर नाही.

रांगेतली बेकारी याच्याच शेजारची. केंद्र सरकारच्या सर्वांत खालच्या पदाचं मूळ वेतन सातव्या आयोगाने महिना 18,000 रुपये ठरवलं. वर भत्ते, सुट्ट्या आणि नोकरी जाण्याची भीती नाही. तालुक्याच्या ठिकाणी खासगीत याच्या जवळपास काही नाही. मग पदवीधर तीन-चार वर्षं परीक्षा देत राहतो तो बिनडोक म्हणून नाही. जॉन हॅरिस आणि मायकेल टोडारो या अर्थतज्ज्ञांनी 1970 मध्ये खेड्यातून शहरात येणाऱ्यांबद्दल हे दाखवलं होतं. समजा, गावात 12,000 रुपये नक्की मिळतात, शहरात 30,000 ची नोकरी दोघांतल्या एकाला मिळते. शहराची सरासरी आशा 15,000 ची झाली, म्हणून माणूस शहरात जाऊन थांबतो. यातली गोम अशी की शहरात जागा वाढवल्या तर आशाही वाढते, आणखी लोक येतात आणि रांग लांबू शकते. भरतीची जाहिरात मोठी निघाली की अभ्यासिका ओस पडत नाहीत, भरतात, ते यामुळे.

मंदी, आणि महागाईची वेस

चक्रीय बेकारी समजायला सगळ्यांत सोपी. लोक खरेदी थांबवतात, कारखाने पाळ्या कमी करतात, घरी पाठवलेले कामगार खरेदी आणखी कमी करतात. एप्रिल ते जून 2020 च्या तिमाहीत, टाळेबंदीत, शहरी भारताचा साप्ताहिक, म्हणजे फक्त मागच्या सात दिवसांचं काम विचारून काढलेला, बेरोजगारीचा दर सुमारे 21 टक्क्यांवर गेला. आदल्या वर्षी याच तिमाहीत तो 9 च्या आसपास होता. इथे सरकारी खर्च आणि स्वस्त कर्ज चालतं, कारण कौशल्यं आणि यंत्रं जागेवरच असतात, कमी पडतं ते गिऱ्हाईक.

मग याच औषधाने दर शून्यापर्यंत का नेत नाहीत? माणसं मिळेनाशी झाली की मालक एकमेकांची माणसं पगार वाढवून पळवतात आणि तो खर्च किमतींवर टाकतात. रिझर्व्ह बँकेला महागाई 4 टक्क्यांवर, फार तर दोन टक्के इकडे-तिकडे, ठेवायची असते, म्हणून ती व्याजदर वाढवते. महागाई न भडकता बेकारी जिथवर उतरू शकते त्या पातळीला अमेरिकी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी 1967 मध्ये नैसर्गिक दर म्हटलं. ही पातळी निसर्गाने ठरवलेली नसते, आणि कोणी नेमका आकडा छातीठोकपणे सांगत असेल तर जपून राहावं. बेव्हरिज यांनी 1944 मध्ये ब्रिटनसाठी 3 टक्के बेकारी म्हणजे पूर्ण रोजगार असं धरलं. त्यानंतरच्या दोन दशकांत तिथला दर बहुतेक काळ 2 च्या आसपास किंवा खालीच राहिला. अमेरिकेत 2023 मध्ये तो 3.4 पर्यंत उतरला आणि त्याच वर्षी महागाई वाढायच्या ऐवजी कमी झाली.

जी बेकारी आकड्यात दिसतच नाही

गरीब माणसाला बेरोजगार राहणं परवडत नाही. काही ना काही तो करतोच, आणि म्हणून तो मोजणीतून सुटतो.

बीडचा ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या आसपास कारखान्यावर जातो. एक कोयता म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी. गाळप चार-पाच महिन्यांत आटोपतं. नंतर गावी कोरडवाहू तुकडा, नाहीतर काहीच नाही. सर्वेक्षणाच्या "नेहमीच्या स्थिती"त वर्षातले 30 दिवस काम केलं तरी माणूस रोजगारात धरला जातो. 3.2 हा आकडा याच मोजमापाचा. साप्ताहिक मोजमापात सात दिवसांत एक तास पुरतो. नाक्यावर थापी आणि ओळंबा घेऊन उभा राहणारा गवंडी आठवड्यातून दोन दिवस कामावर गेला, पाच दिवस दहा वाजेपर्यंत थांबून परतला, तरी रोजगारात. पूर्वीच्या पाहण्यांतली "दैनिक स्थिती" त्याचे पाच दिवस बेकारीत धरत असे. चार तास किंवा जास्त काम म्हणजे पूर्ण दिवस आणि एक ते चार तास म्हणजे अर्धा, असा तिचा नियम. नाक्यावरच्या माणसाचं खरं चित्र तिच्यातच दिसे, पण आता मुख्य बातमीत ती नसते.

छुपी बेकारी तर शेतावर रोज दिसते. तीन एकर, राबणारी पाच माणसं. त्यांतली दोन पुण्याला गेली तरी सोयाबीन तेवढंच निघतं. 2023-24 मध्ये देशातले 46 टक्के कामकरी शेतीत होते, आणि देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा सुमारे 18 टक्के. याच सर्वेक्षणात निरक्षरांमधला बेरोजगारीचा दर 1 टक्क्याच्याही खाली, माध्यमिक आणि त्यापुढे शिकलेल्यांचा 6.5, आणि 15 ते 29 वयोगटाचा 10.2 टक्के. शिक्षणाने बेकारी येते असा याचा अर्थ नाही. शिकलेल्याच्या घरात थांबण्याइतकी ताकद असते, एवढंच.

हंगामी बेकारीचा खर्च वाटून घेण्याचा प्रयोग महाराष्ट्राने देशाच्या आधी केला. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 मध्ये सांगलीच्या तासगाव तालुक्यात छोटी सुरुवात केली, 1972 च्या दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर नेली गेली आणि 1977 चा कायदा 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. मागेल त्याला 15 दिवसांत काम, नाहीतर भत्ता. पैशासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर आणला. पगारपत्रकात दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300, मिळून वर्षाला 2,500 रुपये कापलेले दिसतात तो हाच. नाल्याच्या बांधावर माती टाकणाऱ्या बाईच्या उन्हाळ्याचा खर्च शहरातल्या नोकरदाराने उचलावा अशी ती व्यवस्था होती. 2005 च्या केंद्रीय कायद्याने 100 दिवसांची हमी देताना तिचाच धडा गिरवला.

शहरातल्या नोकरदारावर स्वतःवर पाळी आली तर? पगार महिना 21,000 पर्यंत असेल आणि ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, वर्गणी जात असेल, तर 2018 मध्ये आलेल्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत रोजच्या सरासरी कमाईच्या निम्मी रक्कम मिळू शकते. आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त 90 दिवस. नोकरी जाण्याआधी दोन वर्षं विमा असलेलं काम केलेलं हवं, गैरवर्तनावरून काढलेलं नसावं आणि स्वेच्छानिवृत्तीही नसावी. आधार आणि बँक खाते ईएसआयच्या नोंदीशी जोडलेलं नसेल तर अर्ज तिथेच अडकतो, म्हणून ते नोकरी चालू असतानाच करून घ्यावं. वरच्या उदाहरणातल्या चार महिन्यांपैकी तीन महिन्यांचा निम्मा पगार यात निघतो. कापडदुकानात दहाच्या आत नोकर असतील तर सहसा ईएसआय लागू होत नाही, आणि मग तेवढंही नाही.